सर्व्हर सगळ्यांचे, शिव्या एकट्याला

२०२५ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. ऑफिसखालच्या टपरीवर आम्ही नेहमीची मंडळी चहा घेऊन उभे होतो आणि मी मोबाईलवर वाचत होते की मॅस्टोडॉन बनवणारा युजेन रॉच्को तिथल्या सीईओ पदावरून बाजूला झाला. मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच सोशल नेटवर्क, पण एका कंपनीच्या सर्व्हरवर नाही, तर ज्याचे त्याचे चालवलेले हजारो सर्व्हर एकमेकांना जोडलेले. ट्रेडमार्क आणि बाकी जे काही त्याच्या नावावर होतं ते सगळं त्याने ना-नफा संस्थेकडे सोपवलं, आणि इतकी वर्षं मार्केटपेक्षा कमी पगारात राबला म्हणून संस्था त्याला एकरकमी दहा लाख युरो देतेय. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या टीममधला सगळ्यात लहान मुलगा, जो नुकताच कॅम्पसमधून आलाय आणि ज्याला सगळ्या कंपन्यांची पॅकेजेस तोंडपाठ आहेत, त्याने ग्लास काउंटरवर ठेवून तिथल्या तिथे हिशोब लावला. "म्हणजे दहा कोटी. दहा वर्षांचे दहा कोटी. आणि तू म्हणतेस की इन्व्हेस्टर पैसे घेऊन दारात उभे होते? येडा आहे का तो?" सगळे हसले, मीही हसले, आणि मग विषय अप्रेझलवर गेला.

पण ते "येडा आहे का तो" माझ्या डोक्यातून काही जाईना. पोराचा हिशोब चुकला नव्हता हो. मी स्वतः गेली कित्येक वर्षं पगारासाठी कोड लिहिते, ईएमआय भरते, मला नैतिक उंची वगैरे काही नाही. मला खुपलं ते वेगळंच. मी ती बातमी वाचताना पैशांच्या वाक्यावर थांबलेच नव्हते. मी थांबले होते त्याच्या निरोपाच्या पोस्टमधल्या एका ओळीवर, जिथे त्याने साधारण असं लिहिलंय की सोशल मीडिया प्रोजेक्टचा प्रमुख असणं हे फार ताणाचं काम निघालं आणि आपला पिंड त्यासाठीचा नाही. लोक आपली तुलना टेक अब्जाधीशांशी करतात, पण त्यांच्याकडचा पैसा आणि आजूबाजूची फौज आपल्याकडे नाही, असंही त्याने म्हटलंय. ज्या माणसाने सगळ्या जगाला सांगितलं की बाबांनो, इथे कुणी एक मालक नाही, त्याच माणसाला मालक समजून लोक दहा वर्षं भांडत राहिले.

हे मला जरा नीट बघावंसं वाटलं.

रॉच्को मूळचा रशियातला, लहानपणी घरच्यांबरोबर जर्मनीत आला आणि येनाच्या युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्स शिकला. येना म्हणजे काचेचं गाव. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एक म्हातारा मायक्रोस्कोप होता, काळा, जडशीळ, त्याच्यावर कार्ल झाईस येना असं कोरलेलं, आणि लॅब असिस्टंट त्याला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. तर त्या गावात बसून २०१६ च्या सुरुवातीला बावीस-तेवीस वर्षांच्या या पोराने स्वतःपुरतं ट्विटर बनवायला घेतलं. कारण साधं होतं, ट्विटर ज्या दिशेला चाललं होतं ते त्याला आवडत नव्हतं आणि ते बदलणं आपल्या हातात नाही हे कळत होतं. यात तो काही पहिला नव्हता. मॉन्ट्रियलच्या इव्हान प्रोड्रोमोने २००८ मध्येच आयडेंटिका सुरू केलं होतं, त्यातून पुढे जीएनयू सोशल आलं, सर्व्हर एकमेकांशी बोलायचे, सगळं होतं. फक्त ते दिसायला असं होतं की जे वापरतात त्यांनीच ते बनवलंय हे लांबून कळावं. रॉच्कोला ट्वीटडेक आवडायचं, शेजारी शेजारी कॉलम, सगळं आपोआप सरकतंय, तसं काहीतरी त्याला या उघड्या नेटवर्कवर हवं होतं. सर्व्हरवरच्या कोडला रूबी ऑन रेल्स, पडद्यावर दिसणाऱ्या भागाला रिअॅक्ट, नाव आवडत्या मेटल बँडवरून ढापलेलं आणि मॅस्कॉट म्हणून एक गोंडस हत्ती. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याने ते लोकांपुढे ठेवलं.

मला या सुरुवातीतली एकच गोष्ट फार आवडते. त्याने नवीन शोध लावला नाही, जे शोध पडून होते त्यांना अंगावर घालण्यासारखे कपडे शिवले. आमच्या धंद्यात याला मान नाही. प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांशी बोलायचे नियम, लिहिणारा तो ऋषी आणि बटणं नीट लावणारा तो फ्रंटएंडवाला. पण आयडेंटिकापासूनचं ते सगळं आठ-आठ वर्षं होतं आणि माझ्या ओळखीतलं एक माणूस तिथे नव्हतं, मॅस्टोडॉन आलं आणि वर्षभरात जपानी चित्रकारांपासून अमेरिकन ट्रान्स पोरापोरींपर्यंत लोक त्यावर राहायला आले. त्यातल्याच लोकांनी त्याला पुष्कळ गोष्टी शिकवल्या, पोस्टवर आधी इशारा लावून मजकूर झाकायची सोय कशी हवी, प्रत्येक पोस्ट कुणाला दिसावी हे वेगळं ठरवता कसं यावं. त्यातल्या काहींशी पुढे त्याचं वाजलंही, कारण शेवटी कुठला कोड आत घ्यायचा आणि कुठला नाही ते तोच ठरवायचा. लोकांनी वैतागून फोर्क काढले, म्हणजे तोच कोड घेऊन आपापल्या वेगळ्या आवृत्त्या. ग्लिच नावाचा फोर्क तर अजून जोरात चालू आहे.

मी स्वतः तिथे गेले २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे भारतातली पहिली मोठी लाट आली तेव्हा. सुप्रीम कोर्टातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं अकाउंट ट्विटरने बंद केलं, कशावरून तर कव्हर फोटोवरून, हॅम्बुर्गच्या गोदीतल्या गर्दीत सगळे नाझी सलाम ठोकतायत आणि एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे, तो जुना प्रसिद्ध फोटो. त्याच सुमारास निळ्या टिकेच्या वाटपात जातीचा भेदभाव होतो म्हणून दलित-बहुजन लोकांचा मोठा आवाज उठला होता. आणि दोनेक आठवडे माझ्या टाइमलाइनवर जो उठेल तो आपला नवा, दोन-दोन अॅट असलेला पत्ता टाकत होता. गंमत होती तेव्हा. नवीन फ्लॅटमध्ये राहायला गेल्यासारखं, सगळे एकमेकांना विचारतायत इथे पाणी कधी येतं. मग हळूहळू एकेकजण परत गेला, कारण भांडायला लागणारी माणसं तिकडेच राहिली होती.

मी राहिले. त्याला कारण ऑर्कुट, गूगलचं जुनं सोशल नेटवर्क. ज्यांना आठवतं त्यांना वेगळं सांगायला नको, पण आमची एक ट्रेकिंगची कम्युनिटी होती, तिच्यात लोकांनी वाटा लिहून ठेवलेल्या होत्या. नुसतं "भारी ट्रेक" असलं नाही हो, खरंच वाटा. या खिंडीतून डावीकडे धर, कातळात खोदलेली पावठी दिसेल, टाक्यातलं पाणी मार्चनंतर पिऊ नको, गावात अमक्या घरी विचार पण दुपारी नको, म्हातारी झोपते. तीस सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. काही काळ गूगलने जाहीर कम्युनिट्यांचं अर्काइव्ह ठेवलं होतं, मग तेही गेलं. कुणी वाईट वागलं नाही, महिनोन्महिने आधी नोटीस होती, डाउनलोडची सोय होती. पण एक गोदाम होतं आणि ते त्यांचं होतं. पुढे २०२४ मध्ये कू, म्हणजे ट्विटरसारखं आपलं देशी अॅप, बंद पडलं तेव्हा मराठीत हौसेने लिहिणारी किती माणसं पुन्हा तशीच हात हलवत बाहेर आली.

तर आमच्या ट्रेकच्या जुन्या मंडळींसाठी मी एक छोटा मॅस्टोडॉन सर्व्हर उभा केला. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांना मी नेहमी गणेश मंडळांचं सांगते. प्रत्येक मंडळ वेगळं, वर्गणी वेगळी, स्पीकर किती वाजेपर्यंत लावायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं, पण एका मंडळाचा माणूस दुसऱ्याच्या आरतीला जाऊ शकतो आणि कुठल्या मंडळाला बोलवायचं नाही हेही प्रत्येकजण ठरवू शकतो. आतला कारभार असा की मी पोस्ट टाकली की माझा सर्व्हर बघतो, मला फॉलो करणारी माणसं कुठल्या कुठल्या सर्व्हरवर आहेत, आणि त्या प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये सही करून एकेक प्रत टाकत सुटतो. समोरचा सर्व्हर झोपलेला असेल तर थोड्या वेळाने परत, मग अजून थोड्या वेळाने परत. या सगळ्या कामांची एक रांग असते, साइडकिक म्हणतात तिला, आणि ती रांग साचली की तुमची सकाळची पोस्ट लोकांना संध्याकाळी दिसते. हे जे इनबॉक्स-आउटबॉक्सचं मानक आहे, अॅक्टिव्हिटीपब, ते डब्ल्यूथ्रीसीने, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, जानेवारी २०१८ मध्ये पक्कं केलं, पण रॉच्कोने त्याच्या चार महिने आधीच, मसुदाच असताना, मॅस्टोडॉनमध्ये बसवून टाकलं होतं. मला वाटतं त्याने ते बसवलं नसतं तर ते मानक आजही कागदावरच सुकत पडलं असतं.

सर्व्हर चालवायचं टेक्निकल काम मला जमत होतं, तो तर माझा धंदाच आहे. डिस्क भरायची, ते एक. आपली पाच माणसं बाहेरच्या पाचशे लोकांना फॉलो करतात आणि त्या पाचशेंच्या मांजरांचे सगळे फोटो आपल्या डिस्कवर येऊन बसतात, मग रात्री कमांड चालवून जुना मीडिया उडवायचा आणि डिस्कचा आकडा खाली येताना बघत बसायचं, यात एक घर झाडल्याचं सुख आहे, खरं सांगते.

पण एकदा दुसऱ्या देशातल्या एका अॅडमिनकडून रिपोर्ट आला. आमच्यातल्या एकाने, ज्याला मी वीस वर्षं ओळखते, ज्याने मला पाय मुरगळला तेव्हा अर्धा डोंगर धरून उतरवलं होतं, त्याने तिकडच्या एका बाईच्या पोस्टखाली काहीतरी लिहिलं होतं. शिवी नव्हती. पण वाचलं की कळायचं की समोरच्याला तोडायलाच लिहिलंय. रिपोर्ट अगदी सभ्य होता, तुमच्या सदस्याचं हे बघा, तुमचा निर्णय आम्हाला कळवा, एवढंच. स्क्रीनवर बटणं होती, इशारा द्या, अकाउंट गोठवा, मर्यादित करा, कायमचं बंद करा. मी एवढी वर्षं ज्या कंपन्यांना नावं ठेवत आले, त्यांच्या खुर्चीत बसले होते आणि खाली चेहरा नसलेला युजर नव्हता, तो होता. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं मग काढून टाक ना, तुझाच सर्व्हर आहे." त्या "तुझाच" मध्ये जे होतं ते मला आजही बोचतं. पोस्ट काढली. तो काही महिने बोलला नाही. आणि ग्रुपमधल्या दोघांचं मत पडलं की मी उगाच नाक खुपसलं, दोघांचं पडलं की मी फारच मवाळ वागले.

आता हे मूठभर लोकांचं. आणि तिकडे रॉच्कोच्या अंगावर काय काय आलं. २०१९ च्या जुलैमध्ये गॅबने, म्हणजे जिथे उघड वर्णद्वेषी लोकांचा अड्डा होता त्या गॅबने, मॅस्टोडॉनचाच कोड उचलून आपलं दुकान त्यावर हलवलं. परवाना एजीपीएल, कोड कुणीही घ्यावा, फक्त बदल उघडे ठेवावेत. तो काय अडवणार? बहुतेक सर्व्हर्सनी गॅबला आपापल्या दारात अडवलं, मॅस्टोडॉनने जाहीर विरोध केला, तरीही प्रश्न त्यालाच की तुझ्या कोडवर हे कसं चालतं. मग २०२१ मध्ये ट्रम्पच्या ट्रुथ सोशलने तोच कोड घेतला आणि कबूलही केलं नाही. तेव्हा त्याने ऑक्टोबरमध्ये कायदेशीर पत्र पाठवलं, तीस दिवसांची मुदत दिली, आणि पुढच्या महिन्यात त्यांनी कोडची एक झिप फाइल गुपचूप साइटवर टाकली. माझ्या मते हा त्याचा सगळ्यात भारी विजय. परवाना नावाची जी फाइल आपण सगळे न वाचता कॉपी करतो, ती तेव्हा माजी असलेल्या एका राष्ट्राध्यक्षाच्या कंपनीपुढे उभी राहिली आणि चालली.

त्यानंतरचं २०२२ सगळ्यांना माहीत आहे. मस्कने ऑक्टोबरच्या शेवटी ट्विटर घेतलं आणि मॅस्टोडॉनचे महिन्याचे सक्रिय लोक तीन लाखांवरून दोनच महिन्यांत पंचवीस लाखांवर गेले. जगभरच्या हौशी अॅडमिनांच्या रांगा तुंबल्या, माझीही तुंबली. डिसेंबरमध्ये ट्विटरने मॅस्टोडॉनचं अकाउंटच बंद केलं, तिकडच्या लिंक टाकायला बंदी घातली. इन्व्हेस्टरांच्या पाचाहून जास्त ऑफर आल्या, त्याने सगळ्या नाकारल्या. इथेच आमचं टपरीवरचं पोरगं म्हणतं, येडा. मला वाटतं त्याला तेव्हा नीट दिसत होतं की पैसा घेतला की उद्या कुणालातरी तो परत हवा असणार आणि त्यासाठी लोकांना कोंडून ठेवावं लागणार, आणि कोंडता येऊ नये म्हणूनच तर हे सगळं बांधलं होतं. वर्गणीवर चालणारं काम वर्गणीवरच राहिलं. पुढे जर्मनीने त्यांचा ना-नफा दर्जा काढून घेतला, मग अमेरिकेत संस्था काढली, तिच्या संचालकांत ट्विटरचा एक संस्थापक बिझ स्टोन येऊन बसला, असेही योग.

मात्र त्याची आरती करायला मी बसलेले नाही. २०२३ मध्ये अधिकृत अॅपने नवीन माणसाला सरळ मॅस्टोडॉन डॉट सोशलवरच, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवरच, पाठवायला सुरुवात केली. लहान सर्व्हरवाले सगळे चिडले. मीही चिडले, की अरे मग आम्ही कशाला दिवे लावतोय. आणि त्याच आठवड्यात मावसबहिणीने विचारलं की ताई मला जॉईन व्हायचंय, कुठे क्लिक करू, तर मी तिला कुठे पाठवलं असेल? तिथेच. सर्व्हर निवडा म्हटलं की माणूस अॅप बंद करतो, हे त्याला आकड्यांत दिसलं होतं आणि मला बहिणीच्या तोंडावर. दुसरी तक्रार जास्त खोल आहे. मॅस्टोडॉनवर तुम्ही एका सर्व्हरवरून दुसरीकडे गेलात की फॉलोअर तुमच्यामागून येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत. त्या डाउनलोड करून घेता येतात, पण नवीन घरी लावता येत नाहीत. म्हणजे ऑर्कुटच्या वाटा ज्या कारणाने गेल्या त्या कारणाचं औषध इथे अर्धंच आहे. माणसं वाचली, लिहिलेलं नाही. ब्लूस्काय नावाच्या दुसऱ्या नेटवर्कवाले यावर वेगळ्या रस्त्याने गेलेत, पण त्यांच्याकडे इन्व्हेस्टर आहेत, तेव्हा तो रस्ता कुठे निघतो ते बघू.

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा बनवणाऱ्या ग्विडो व्हॅन रोसमचं असंच झालं होतं, २०१८ मध्ये. एक छोटं चिन्ह भाषेत घ्यायचं की नाही यावर इतकी भांडणं झाली की तहहयात प्रमुख म्हणवला जाणारा तो माणूस जिंकल्यावर राजीनामा देऊन मोकळा झाला. तेव्हा आम्ही ऑफिसात त्यावर मीम बनवले होते. पायथॉन काही बंद पडलं नाही, एक समिती निवडली गेली आणि गाडी चालू राहिली. रॉच्कोचंही मला तसंच वाटतं, म्हणजे इथे त्याचं येडेपण मला नीट कळतं. त्याने सर्व्हर हजारो जागी पसरवले, पण राग, अपेक्षा, बग रिपोर्ट, नैतिक जबाबदारी हे सगळं फिरून त्याच्याच दारात येत राहिलं, कारण लोकांना भांडायला एक चेहरा लागतो, प्रोटोकॉलशी कोण भांडणार. पद सोडण्याआधी एका उन्हाळ्यात कुणा युजरशी झालेल्या एका वाईट वादानंतर त्याने ठरवलं की आता बास. आणि जाताना चावी कुणा एकाच्या हातात न देता संस्थेच्या हातात दिली. विकून जाणं त्याला केव्हाही जमलं असतं. सोडून जाता यावं म्हणून मात्र आधी बरीच वर्षं व्यवस्था लावावी लागते, आणि ती लावणाऱ्याला पगार फार मिळत नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी गेल्या महिन्यात आमच्या ग्रुपला लिहिलं की अॅडमिन मी एकटीच नको, डोमेन आणि रूट, म्हणजे सर्व्हरचा मुख्य, पासवर्ड अजून कुणाकडे तरी असायला हवा. बराच वेळ कुणी काही बोललं नाही, निळ्या टिका नसल्या तरी वाचलंय हे कळतंच. शेवटी ज्याची पोस्ट मी काढली होती तोच म्हणाला, दे माझ्याकडे. रविवारी त्याच्या घरी बसलो, दोन टू-फॅक्टरचे कोड, होस्टिंगवाल्याचं लॉगिन, डोमेन रिन्यू करायची तारीख, सगळं एका वहीत लिहून घेतलं त्याने, बॉलपेनने, कारण पासवर्ड मॅनेजरवर त्याचा विश्वास नाही. मग वही मिटून त्याने चष्मा वर केला आणि पहिला प्रश्न विचारला, "बॅकअप रोज जातो म्हणालीस, पण तो परत लावून कधी कुणी बघितलाय का?"